बटाट्याच्या तोफेला ठिणगी कशाची घ्यावी: गॅस लायटर, गाडीची कॉइल की डासांची रॅकेट?

कळंबा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहायला कोल्हापूरच्या कळंब्यात. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही तिघं मित्र बटाट्याची तोफ करतोय. चुलत्यांच्या विहिरीवरच्या पाइपलाइनचा उरलेला चार इंची पीव्हीसी तुकडा मिळालाय. आत डिओ मारायचा, मागचं झाकण फिरवून बंद करायचं आणि ठिणगी द्यायची. तोफेचा विचार झालाय, गाडी अडलीय ती फक्त ठिणगीवर.

आतापर्यंत तीन गोष्टी बघितल्या.

पहिला गॅस लायटर. आईचा स्वयंपाकघरातला जुना लायटर उघडला. आत स्प्रिंग, एक छोटा हातोडा आणि पांढऱ्या खडूसारखा बारीक तुकडा निघाला. रात्री खोलीतला दिवा बंद करून बघितलं, तर टक् आवाजाबरोबर निळी, केसासारखी बारीक रेघ दिसते आणि जाते. एवढ्याशा ठिणगीनं काय पेटणार, असं वाटतं.

दुसरी डास मारायची रॅकेट. ठिणगी जाड, चटचट आवाज, पण दोन तारा एकदम जवळ आणाव्या लागतात. जरा लांब नेल्या की काही नाही.

तिसरी स्प्लेंडर बाइकची इग्निशन कॉइल, प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्ट देणारी. गॅरेजमधून जुनी दीडशे रुपयाला आणली. 12 व्होल्टची बॅटरी लावून वायर टेकवली-सोडली, तर प्लगला नीट ठिणगीच येईना. गाडीवर मात्र हीच कॉइल चालत होती म्हणे.

परवा लायटर लावून पाच वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा बटाटा समोरच्या उसात जाऊन पडला, नंतरचे चारही वेळा नुसतं टक्, टक्, टक्. मित्र म्हणतात ठिणगी कमजोर आहे. कुठली घ्यावी? आणि जास्त जोराची ठिणगी दिली तर बटाटा जास्त लांब जाईल का?

राजारामपुरी_07

रॅकेट लाव भावा. आम्ही गणपतीच्या सुट्टीत केलेली, रॅकेटचं सर्किट टेपनं पाइपला चिकटवलं आणि दोन स्क्रू आत सोडले. जाळ नुसता. लायटरच्या नादाला लागू नकोस.

उद्यमनगर_मेस्त्री

बाळ, तू तिन्ही गोष्टी उघडून, अंधारात बसून बघितल्यास हे वाचून बरं वाटलं. मी एकतीस वर्षं इंजिनं आणि मॅग्नेटोची कामं करतोय. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग जे तू विचारलं नाहीस ते सांगतो. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, तेव्हा अर्ध्यात सोडू नकोस.

ठिणगी जोराची असली म्हणून बटाटा लांब जात नाही. गॅस आणि हवेचं मिश्रण बरोबर असेल तर ते पेटवायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. तुझ्या आईच्या लायटरची केसासारखी रेघ त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त देते. तो पांढरा खडू म्हणजे पिझो क्रिस्टल. त्याच्यावर दणका बसला की काही हजार व्होल्ट तयार होतात. दाबल्यावर वीज देणारे असे स्फटिक क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवून दिले, म्हणजे ही युक्ती आपल्या लूनापेक्षाच काय, मोटारगाडीपेक्षाही जुनी. बटाट्याला ढकलायची ताकद मिश्रणात असते. ठिणगी काडीचं काम करते. काडी मोठी ओढली म्हणून चुलीतलं लाकूड वाढत नाही.

मग चार वेळा का पेटलं नाही? तुझ्या पहिल्या बारातच उत्तर आहे. पहिल्यांदा आत ताजी हवा होती. बार झाल्यावर आत जळका वायू राहिला, ऑक्सिजन संपला. त्याच्यावर तू परत डिओ मारलास. पेटलं नाही म्हणून अजून मारलास. खरं सांग, मारलास ना? डिओ फवारतो तो बहुतेक एलपीजीच्या जोरावर. त्यातला प्रोपेन हवेत साधारण 2 टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंतच पेटतो. त्याच्या खाली मिश्रण उपाशी, त्याच्या वर तुंबलेलं. गाडीला जास्त चोक दिला की प्लग ओला होऊन गाडी बसते, तसंच हे. गाडी चालू होत नाही म्हटलं की पोरं आधी प्लग बदलतात, आणि बहुतेक वेळा प्लग बिचारा बरा असतो.

आता तुझी स्प्लेंडरची कॉइल. ती सीडीआयची कॉइल आहे. सीडीआय म्हणजे कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम कॉइलला सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तिला सीडीआयच्या डब्यातून दोनशे व्होल्टच्या पुढचा झटका लागतो. नुसते 12 व्होल्ट टेकवून सोडलेस तर तिच्यात काही साठतच नाही, म्हणून ठिणगी रडते. पॉइंटवाल्या, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या, जुन्या गाडीची कॉइल वेगळी, अँबॅसडरची किंवा जुन्या बुलेटची. तिच्यात करंट साठतो आणि पॉइंट उघडला की आतलं चुंबकत्व एकदम कोसळून ठिणगी पडते. यातली एक गोष्ट ध्यानात ठेव, यावर आमच्या दुकानात शिकाऊ पोरांचे हात झटके खातात. अशा कॉइलची ठिणगी बटण दाबल्यावर पडत नाही, बटण सोडल्यावर पडते. ज्याला हे माहीत नाही तो बटण दाबतो, काही झालं नाही म्हणून बोट काढतो आणि त्याच क्षणी बार होतो. तोपर्यंत तो तोफेकडे वाकलेला असतो.

इथून पुढं माझं म्हणणं. ठिणगी निवडताना ती किती जोरात पडते हे बघायचं नसतं. नको असताना ती पडणार नाही याची खात्री किती, हे बघायचं असतं.

रॅकेट मी या कामाला कधीच देणार नाही. राजारामपुरीच्या पोरा, तुला वाईट वाटू देऊ नकोस, पण नीट वाच. रॅकेटमध्ये कपॅसिटर असतो. बटण सोडलं तरी त्याच्यात चार्ज राहतो. रॅकेट बंद केल्यावरही जाळीला स्क्रूड्रायव्हर लावला की चट् होतं, हे घराघरात बघितलेलं आहे. म्हणजे बटण सोडलंय, सगळं बंद आहे असं समजून तू झाकण उघडायला जाणार आणि ठिणगी आत तुझी वाट बघत असणार. त्यात तिचा दाब एक-दोन हजार व्होल्टचा. कोरड्या हवेत एक मिलिमीटर उडी मारायला साधारण तीन हजार लागतात. म्हणून तुला तारा जवळ आणाव्या लागल्या. इतकी बारीक फट दोन बारांत काजळीनं भरते आणि मग ठिणगी कधी पडेल, कधी नाही, याचा भरवसा नाही. सगळ्यात वाईट इग्निशन म्हणजे कधीतरी चालणारं इग्निशन.

लायटरमध्ये काही साठत नाही. दणका दिला तरच ठिणगी, नाही तर तो मेलेला. हा त्याचा मोठा गुण. दोष एकच, त्याची ऊर्जा एवढी थोडी की लांब वायर जोडली की ती वायर भरण्यातच खर्च होते. म्हणजे लायटर लावलास की तुला तोफेजवळ, पाइपला हात लावून उभं राहावं लागतं. आणि तोफेजवळ उभं राहायचं नाही, हीच तर पहिली अट.

जवळ उभं राहायचं नसेल तर जाणती माणसं कॉइल पाइपजवळ ठेवतात आणि 12 व्होल्टची वायर लांब नेतात. उच्च दाबाची तार वीतभर, कमी दाबाची तार वीस पावलं. बॅटरीच्या वाटेत किल्लीचा स्विच, आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात. गॅस भरणारा तोच किल्ली बाळगणारा. तो परत मागे येऊन किल्ली लावेपर्यंत वायरीत करंटच नाही. आमच्याकडे पॉवर प्रेसवर हात घालायच्या आधी मेन काढून किल्ली खिशात टाकतात, तोच रिवाज.

हे सगळं सांगितलं, तरी पीव्हीसीच्या पाइपवर यातलं काहीही लावायला मी तुला हो म्हणणार नाही. तो पाइप पाण्याचा आहे. त्याच्यावर जो दाब छापलेला असतो तो थंड पाण्यासाठी. बंद भांड्यात एलपीजी आणि हवा पेटली तर दाब आठ-नऊ पटीपर्यंत जातो, तोही क्षणात आणि गरम. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं, दाब जागेवर उतरतो. वायूचा फुटला तर वायू फुगत राहतो आणि पाइपच्या सुऱ्या होतात. आणि तुझा तुकडा विहिरीवर किती वर्षं उन्हात पडला होता ते चुलत्यांना विचार. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतं.

1988 च्या दिवाळीत आम्ही चौघांनी पत्र्याच्या डब्यात कार्बाइड, म्हणजे पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारे खडे, टाकून बार काढले होते. डब्याला खाली भोक, कार्बाइडवर थुंकायचं, झाकण दाबायचं, लांब काठीला पेटता काकडा बांधून भोकाला लावायचा. संध्याकाळभर मजा आली. शेवटचा डबा पेटला नाही. आम्ही थांबलो, माझ्या अंदाजानं मिनिटभर. मग माझा दोस्त गेला आणि झाकण का बसलं नाही ते बघायला वाकला. भोकाच्या कडेला काकड्याची चिंधी धुमसत राहिली होती. ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. त्याचा डावा डोळा गेला. पुढं त्यानं लेथवर काम शिकायचा प्रयत्न केला, पण एका डोळ्यानं खोलीचा अंदाज येईना, मायक्रोमीटर वाचताना मान वाकडी करायचा. सोडून दिलं त्यानं. आजही रविवारी आम्ही एकत्र मिसळ खातो आणि तो कधी मला बोललेला नाही. काठी माझ्या हातात होती.

म्हणून तुला विचारतो. चार वेळा टक् टक् झाल्यावर तुम्ही तिघांपैकी झाकण उघडायला कोण गेलं? आणि तेव्हा लायटर कुणाच्या हातात होता?

शिरोली_फौंड्री

मेस्त्रींनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कायद्याचं तेवढं सांगतो. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या फार रुंद आहे. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर कसलीही वस्तू फेकण्यासाठी बनवलेलं शस्त्र त्यात येतं, आणि ते बनवायला परवाना लागतो. बटाटा आहे, खेळ आहे, असं पोलिसांना समजावत बसायची वेळ विद्यार्थ्यावर येऊ नये. प्रदर्शनात ठेवायचं म्हणतोस तर आधी तुमच्या विभागप्रमुखांना लेखी विचार. ते नाही म्हणाले तर ते तुझ्या भल्याचंच आहे.

पाइपबद्दल एक. आमच्याकडे कास्टिंगची गळती तपासताना शक्य असेल तिथे पाण्याचा दाब देतात, हवेचा देताना जाळीच्या आड उभे राहतात. बिडाचं कास्टिंग असूनसुद्धा. यावरून अंदाज घे.

डोळ्यांच्या_वॉर्डातून

मी नेत्र विभागात सिस्टर आहे. इग्निशनमधलं मला काही कळत नाही, पण मेस्त्रींची गोष्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पीव्हीसी पाइप, कार्बाइड आणि गॅस लायटर वापरून केलेल्या बंदुका बाजारात आल्या होत्या. भोपाळ आणि आसपासच्या रुग्णालयांत शंभराहून जास्त जण डोळ्यांना इजा होऊन आले, बहुतेक लहान मुलं. त्यातल्या काहींची दृष्टी गेली. त्या बंदुकीत लायटर पाइपच्या मागच्या टोकाला असतो. पेटलं नाही की मूल काय करतं? पुढून आत डोकावतं. मेस्त्री काका म्हणतात तेच.

कार्बाइडमध्ये दुहेरी मार असतो. भाजतं ते वेगळं, आणि पाण्याशी संयोग झाल्यावर मागे चुना उरतो तो डोळ्यात चिकटतो. चुना बुबुळ आत आत जाळत राहतो. प्लॅस्टिकचा तुकडा घुसला तर तो एक्स-रेवर लोखंडासारखा ठळक दिसत नाही, शोधायला वेळ जातो.

कुणाच्या डोळ्यात असं काही गेलंच, तर चोळू नका. चुना, कार्बाइड किंवा कुठलंही रसायन असेल तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापण्या उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मगच दवाखान्याची वाट धरा. आधी रिक्षा शोधत बसतात आणि तेवढ्या वेळात नुकसान होऊन जातं. आणि काही टोचून आत घुसलेलं असेल तर मात्र धुऊ नका, काढू नका, दाबू नका. वरून कागदी कप ठेवून चिकटपट्टी लावा आणि लगेच आणा.

बाळ, तुला रागावत नाही. तू विचारलंस हे चांगलं केलंस. चष्मा घातला तरी पुरेल असं मात्र समजू नकोस.

कळंबा_मेकॅनिकल

मेस्त्री काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. झाकण मी उघडलं. लायटर टेपनं पाइपलाच चिकटवलेला होता आणि त्याचं बटण माझ्या मित्राच्या अंगठ्याखाली होतं. पेटलं की नाही हे बघताना तो दाबतच होता. तुम्ही लिहिलंय तसंच, मी प्रत्येक वेळी डिओ वाढवला. पाचव्या वेळी मी पुढून आत बघितलंसुद्धा, मोबाइलचा टॉर्च लावून.

काल रात्री मी हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून पाइप बाहेर नेला आणि चार तुकडे करून टाकले. कापताना कडेचा एक टवका आपोआप उडाला, उन्हानं पांढरा पडलेला. चुलते म्हणाले, सात-आठ वर्षं बांधावर पडून होता.

सिस्टर, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं.

पण प्रदर्शन तोंडावर आलंय आणि मला इग्निशन हाच विषय आवडलाय. कॉइलचं बटण सोडल्यावर ठिणगी पडते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तोफ न करता यातलं काही दाखवता येईल का?

उद्यमनगर_मेस्त्री

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

येईल की. पाटावर तीन इग्निशन शेजारी शेजारी मांड: लायटरचा पिझो, पॉइंटवाली कॉइल आणि रॅकेटचं सर्किट. प्रत्येकापुढे ठिणगीची फट सरकती ठेव आणि खाली मिलिमीटरची पट्टी चिकटव. कोण किती उडी मारतं ते लोकांना दिसू दे. मग रॅकेट बंद करून अर्ध्या मिनिटानं तिची ठिणगी पाडून दाखव, बघणाऱ्यांचे डोळे मोठे होतील. पाटाला पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी कर, लहान पोरं बोटं घालतात. कॉइलचा झटका मस्करीचा नसतो, आणि ज्याच्या हृदयाला पेसमेकर आहे त्याला लांब उभं कर, पाटी लाव.

आणि काहीतरी उडायलाच पाहिजे असेल, तर मऊ प्लॅस्टिकची अंगठ्याएवढी डबी घे, दाबून बसणाऱ्या सैल झाकणाची. काच नको, पत्रा नको, फिरकीचं झाकण नको. पिझोच्या दोन तारा बुडातून आत. सॅनिटायझरचा एक फवारा, हलवायचं, आतला ओलावा झटकून टाकायचा, झाकण नुसतं टेकवायचं, तोंड वर, पेटीच्या आत. झाकण टप्पकन उडतं आणि पेटीच्या छताला लागतं, बस्स. सरांना शेजारी उभं करूनच करायचं. सॅनिटायझरची बाटली बूच लावून दुसऱ्या टेबलावर.

ही डबीसुद्धा दुसऱ्यांदा लगेच पेटणार नाही. का, ते आता तुला माहीत आहे.

शुक्रवारी दुपारनंतर दुकानात ये, वाय. पी. पोवारनगरच्या बाजूनं. अँबॅसडरची एक कॉइल पडून आहे, कंडेन्सरसकट देतो. पैसे नकोत. येताना तुझ्या दोन्ही मित्रांना घेऊन ये, अंगठेवाल्याला तर नक्की.

कळंबा_मेकॅनिकल

काका, परवा येऊन गेलो त्याबद्दल आभार. तुमचे दोस्तही भेटले. त्यांनी कॉइलची फट डोळ्याजवळ न नेता, मान जराशी तिरकी करून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावून दाखवली, ते आम्ही तिघं बघतच राहिलो.

आज सरांसमोर पाट चालवला. पिझोनं साडेतीन मिलिमीटर उडी मारली. बाहेर पाऊस सुरू झाल्यावर तोच पिझो अडीचवर आला, कारण तारा खुपसलेल्या प्लॅस्टिकवर दमट थर धरला होता आणि ठिणगी हवेतून उडण्याऐवजी पृष्ठभागावरून सरकत होती. दिवा बंद केल्यावर ते जांभळं सरकणं स्पष्ट दिसलं. प्लॅस्टिक पुसून कोरडं केलं, परत साडेतीन.

डबी पहिल्यांदा उडाली. दुसऱ्यांदा नाही. सरांनी विचारलं, ठिणगी गेली का रे? मी सायकलच्या पंपानं डबीत तीन वेळा हवा मारली, परत एक फवारा दिला, झाकण टेकवलं, आणि अंगठेवाल्याला म्हटलं, आता दाब.